मनाचा आजार आणि मेंदूचे मोजमाप
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



दहावीनंतर काय, ह्या विषयावर मी बोलावे अशी मूळ सूचना होती. त्याऐवजी वेगळा विषय घेण्यास अध्यक्षसाहेबांनी परवानगी दिली, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय बदलण्याचे कारण असे की, गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी दोन-तीन पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, मेंदूचा आलेख काढला की डिप्रेशनवर कोणती गोळी लागू पडेल ते आधीच कळते म्हणतात. हे खरे आहे का? कर्ज काढून ही तपासणी करावी का?" प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात कोणी तरी आजारी असणार, हे उघड आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, डॉक्टर नाही. म्हणून ह्या विषयावर मिळेल ते वाचले, जाणकारांकडून समजून घेतले, आणि जे खात्रीचे वाटले तेवढेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. शास्त्रज्ञ ह्या दिशेने मनापासून काम करीत आहेत आणि त्यांना काही खुणा सापडल्याही आहेत. परंतु आपल्या घरातील रुग्णाचे औषध मेंदूच्या आलेखावरून ठरवावे, इतके हे ज्ञान आज पक्के झालेले नाही. त्यासाठी कर्ज काढू नये. हे असे का, आणि मग आपण काय करावे, हे आता क्रमाने पाहू.

आजार कोणता?

दुःख प्रत्येकाच्या वाट्याला येते. घरात मय्यत झाली, धंद्यात खोट आली, आखातातली नोकरी सुटून मुलगा परत आला, तर मन खिन्न होणारच. असे दुःख काळाबरोबर ओसरते. नैराश्याचा आजार, ज्याला आपण सर्रास डिप्रेशन म्हणतो, तो वेगळा. निदान दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असते, कशातच गोडी वाटत नाही, झोप व भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटते, आणि काहींना जगणेच नकोसे होते. हुशार मुलगी एकाएकी पुस्तक उघडेनाशी होते. घरचे म्हणतात, आळशी झाली. कर्ता माणूस कामावर जाईनासा होतो. लोक म्हणतात, नमाजला येत नाही, इमान कमजोर झाले.

हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे नाही. अबू झैद अल्-बल्खी हे विद्वान इसवी सन ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन ह्या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी ज्या दुःखाचे कारण माहीत आहे ते आणि ज्याचे कारण सांगता येत नाही ते, असे दोन प्रकार केले. दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात शोधले आणि त्यावर शरीराचाही उपचार करावा असे म्हटले. इब्न सीना ह्यांनी आपल्या 'अल्-कानून' ह्या वैद्यकग्रंथात प्रेमाने झुरणाऱ्या रुग्णाबद्दल लिहिताना, नाडीवर बोट ठेवून एकेक नाव उच्चारावे आणि नाडी कोठे बदलते ते पाहावे, अशी रीत सांगितली आहे. शरीराचे मोजमाप घेऊन मनाचा ठाव घेण्याचा हा विचार हजार वर्षांपूर्वीचा आहे. आजचा शास्त्रज्ञ नाडीऐवजी मेंदू मोजतो, एवढाच फरक.

गोळी लागू पडेल की नाही?

नैराश्यावरची आधुनिक औषधे जवळजवळ योगायोगाने सापडली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले गेले, तेव्हा रुग्ण विलक्षण उत्साही दिसू लागले. १९५७ साली स्वित्झर्लंडमधील रोलांड कून ह्या डॉक्टरांनी इमिप्रामीनचा गुण जगापुढे मांडला. पुढे फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम अशी औषधे आली. ह्या औषधांनी असंख्य संसार सावरले आहेत.

अडचण अशी की, एकच औषध सर्वांना लागू पडत नाही. अमेरिकेत सरकारी खर्चाने 'स्टार-डी' नावाचे मोठे संशोधन झाले. त्याच्या पहिल्या टप्प्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. डॉ. मधुकर त्रिवेदी हे त्याचे मुख्य लेखक होते. सिटालोप्राम घेतलेल्या २,८७६ रुग्णांपैकी २८ ते ३३ टक्क्यांचीच लक्षणे जवळजवळ पूर्ण गेली. टक्केवारीतला फरक मोजण्याच्या पद्धतीमुळे आहे. इतरांपैकी काहींना थोडा आराम पडला, काहींना पडलाच नाही. त्यांना दुसरे औषध, जोडऔषध किंवा बोलण्याचा उपचार लागला.

त्यात हे औषध डोकेदुखीच्या गोळीसारखे तासाभरात काम करीत नाही. चांगला गुण दिसायला कित्येक आठवडे जातात. मळमळ, झोपेतील फरक असले त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. पुष्कळ घरांत ह्याच टप्प्यावर औषध बंद होते. "तीन आठवडे झाले, पैसे गेले, गुण नाही." दुसरे औषध सुरू केले तर पुन्हा तितकेच आठवडे. ह्या काळात शाळेचे वर्ष बुडते, नोकरी जाते, कधी कधी माणूसही हातचा जातो. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी मेंदू तपासून सांगता आले तर किती बरे होईल, असे शास्त्रज्ञांना वाटले. विचार सर्वस्वी योग्य होता.

मेंदूची वीज

मेंदूतील पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी बोलतात. जर्मनीतील येना येथील डॉ. हान्स बर्गर ह्यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ह्या लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. हाच ई.ई.जी. फिट येणाऱ्या रुग्णांचा ई.ई.जी. काढतात हे आपण ऐकले असेल. ही वीज इतकी कमी असते की ती व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होणाऱ्या लहरींना अल्फा, तर ४ ते ८ वेळा होणाऱ्यांना थीटा म्हणतात. ह्याखेरीज मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे 'पेट' तपासणीत दिसते, आणि कोठे रक्तपुरवठा वाढला हे विशिष्ट प्रकारच्या एम.आर.आय.मध्ये दिसते.

१९९७ साली डॉ. हेलन मेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट तपासणीवरून एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन्ही अर्धांच्या मधोमध एक पट्टा आहे. त्याला सिंग्युलेट म्हणतात. उपचारापूर्वी ह्या पट्ट्याच्या पुढच्या भागात ज्यांची हालचाल जास्त होती, त्यांना पुढे औषधाने गुण आला; ज्यांची कमी होती, त्यांना आला नाही. २००१ साली डॉ. पिझागाली ह्यांना ई.ई.जी.च्या थीटा लहरींतही ह्याच भागाची तशीच खूण आढळली. २०१३ साली अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील संशोधकांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला: कोणाला औषध द्यावे आणि कोणाला बोलण्याचा उपचार? इन्सुला नावाच्या भागाची हालचाल कमी असलेल्यांना बोलण्याच्या उपचाराने बरे वाटले आणि जास्त असलेल्यांना एस्सिटालोप्रामने, असे त्यांना दिसले. रुग्णांची संख्या मात्र लहान होती.

हे सर्व वाचताना मन भारावून जाते. परंतु शिक्षकाची सवय अशी की, उत्तर बरोबर आले तरी रीत तपासायची.

तीन अडचणी

पहिली अडचण. सराव परीक्षेत जी प्रश्नपत्रिका दिली तीच बोर्डात आली तर वर्गातला शेवटचा मुलगाही पहिल्या वर्गात येईल. त्याची खरी परीक्षा नव्या प्रश्नपत्रिकेवर होते. ह्या संशोधनांत पुष्कळदा असे घडते की, ज्या चाळीस-पन्नास रुग्णांवरून नियम बसविला, त्यांच्यावरच तो पडताळून पाहिला जातो. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या यंत्रावर तपासलेल्या रुग्णांना तो लावला की यश घटते.

दुसरी अडचण. हुशार विद्यार्थी कोणत्याही शिकवणीला गेला तरी पास होतो. तो हुशार आहे हे कळल्याने त्याला कोणत्या शिकवणीला घालावे हे कळत नाही. अमेरिकेत चार ठिकाणी मिळून सुमारे तीनशे रुग्णांवर 'एम्बार्क' नावाचे संशोधन झाले. अर्ध्यांना सर्ट्रालीन दिले, अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, मघाशी सांगितलेली थीटाची खूण खरी ठरली. पण ती दोन्ही गटांत सारखीच खरी ठरली. म्हणजे ह्या माणसाला बरे वाटण्याची शक्यता जास्त आहे, एवढे ती सांगते. हीच गोळी द्या, हे ती सांगत नाही. २०२० साली त्याच रुग्णांच्या ई.ई.जी.वरून, संगणकाच्या साहाय्याने, केवळ सर्ट्रालीनला लागू पडणारी खूण काढण्यात आल्याचे प्रसिद्ध झाले. हे पाऊल आशादायक आहे. दवाखान्यात रोजच्या वापरात येण्यापूर्वी त्याला पुष्कळ नव्या प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतील.

तिसरी अडचण हिशेबाची आहे. विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावा. २०१९ साली डॉ. विज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ई.ई.जी.वरून भाकीत करणाऱ्या ७६ शोधनिबंधांचा एकत्र आढावा घेतला. गुण येणाऱ्यांना ही पद्धत सरासरी ७२ टक्के वेळा बरोबर ओळखते आणि गुण न येणाऱ्यांना ६८ टक्के वेळा. आता समजा १०० रुग्ण आहेत, आणि त्यांतील ५० जणांना औषध लागू पडणार आहे. त्या ५० पैकी ३६ बरोबर ओळखले जातील. उरलेल्या १४ जणांना, बरे होण्यासारखे असूनही, "हे औषध तुमच्या कामाचे नाही" असे सांगितले जाईल. दुसऱ्या ५० पैकी ३४ बरोबर, आणि १६ जणांना खोटी आशा. एकूण शंभरात तीस चुका. शिवाय ज्यांत यश मिळाले तेच निबंध छापले जाण्याकडे कल असतो, म्हणून खरा आकडा ह्याहून कमी असण्याचा संभव. ही तपासणी सध्या रोजच्या उपचारात वापरण्याची शिफारस करता येत नाही, असाच निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. मोबाइलवर जाहिराती करणारे ही तीस चुकांची गोष्ट सांगत नाहीत.

आपल्या हातातील मोजमाप

मग मोजमाप करूच नये काय? अवश्य करावे. पण जे स्वस्त आणि खात्रीचे आहे ते आधी.

थायरॉईडचे काम मंदावले, रक्त कमी असले किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी माणूस नैराश्यासारखाच दिसू शकतो. ह्या रक्ताच्या साध्या तपासण्या आहेत. डॉक्टरांनी सांगितल्या तर टाळू नयेत. रुग्णाला पूर्वी कधी झोपेशिवाय अतिशय उत्साह चढणे, भरमसाट पैसा उधळणे, असे काही झाले होते काय, हे डॉक्टरांना जरूर सांगावे. कारण अशा रुग्णाला नैराश्याची नुसती गोळी दिल्यास आजार उलटू शकतो. घरातल्या कोणाला कोणते औषध मानवले होते, तेही सांगावे.

दुसरे मोजमाप म्हणजे प्रश्नावली. डॉक्टर नऊ प्रश्नांचा एक कागद वापरतात, त्याला पी.एच.क्यू.-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता इत्यादींचा त्रास किती दिवस झाला, ह्याला ० ते ३ गुण, एकूण २७. येथे जास्त गुण म्हणजे जास्त आजार, एवढे ध्यानात ठेवावे. रुग्णाची स्थिती दर आठवड्याला तारखेसह लिहून ठेवली तर दोन पानांची वही डॉक्टरांना पुष्कळ काही सांगते.

ह्या वहीचा उपयोग किती, तेही ऐका. २००९ साली सुमारे साडेसहा हजार रुग्णांच्या माहितीवरून असे दिसले की, पहिल्या दोन आठवड्यांत ज्यांना थोडासुद्धा फरक पडला नाही, त्यांच्यापैकी फार थोडेच त्याच उपचाराने पुढे पूर्ण बरे झाले. म्हणजे दोन आठवड्यांची प्रामाणिक नोंद हेही एक भाकीतच आहे, आणि ते बिनपैशाचे आहे. मात्र ह्याचा अर्थ दोन आठवड्यांनी औषध टाकून द्यावे असा मुळीच नाही. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्रा वाढवायची, थांबायचे की औषध बदलायचे, हे त्यांनी ठरवायचे. औषध एकाएकी बंद केल्यास चक्कर, बेचैनी होते. आणि बरे वाटू लागल्यावरही ते साधारणपणे निदान सहा महिने चालू ठेवावे लागते.

पालकांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. पंचवीस वर्षांखालील मुलामुलींत औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी काढली व २००७ साली ती तरुणांनाही लागू केली. म्हणून ह्या काळात मुलाला एकटे सोडू नये, औषधाची पाकिटे मोठ्यांच्या ताब्यात असावीत. मरणाविषयी विचारले तर तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. मायेने, सरळ विचारावे.

दवा आणि दुआ

काही बुजुर्गांना वाटते की ही गोळ्यांची भाषा दीनदार घराला शोभत नाही. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट सांगतो. २००२ साली लॉस एंजेलिस येथील डॉ. ल्युक्टर ह्यांनी औषध नसलेली गोळी घेऊन ज्यांना बरे वाटले त्यांचे मेंदू तपासले. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातही बदल झालेला आढळला. औषधाने बरे झालेल्यांपेक्षा तो निराळा होता, पण होता. आशा आणि आधार ह्यांचा ठसा मेंदूवर उमटतो. तेव्हा आईची दुआ, इमामसाहेबांचे दोन धीराचे शब्द, शेजाऱ्याने विचारलेली खुशाली ह्यांना कोणी कमी लेखू नये. पण रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम ह्यांनी आजारावर इलाज करण्याची शिकवण दिली आहे. उंट बांधून मग तवक्कुल करावा, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुआ करणाऱ्याने गोळी बंद करू नये आणि गोळी देणाऱ्याने दुआ थांबवू नये. रमजानमध्ये औषधाची वेळ सेहरी किंवा इफ्तारला जुळवता येते का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. मनाने औषध सोडू नये. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, आणि ज्याचे मन आजारी आहे तोही आजारीच आहे.

मेंदूच्या मोजमापाने औषध निवडता येत नसले, तरी एक मोठे काम त्याने केले आहे. हा आजार आळस, ढोंग किंवा कमजोर इमान नव्हे; त्याची खूण रक्तामांसाच्या मेंदूत दिसते, हे त्याने जगाला दाखविले. तो आलेख आपल्या मुलाचा काढला नाही तरी हा धडा आपल्याला फुकट मिळालेला आहे.

एक शेवटचा आकडा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. शंभर प्रौढांपैकी सुमारे पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचे आढळले; आणि नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नव्हता. कोणती गोळी, हा प्रश्न उरलेल्या पंधरांचा आहे. पंच्याऐंशींचा प्रश्न दवाखान्याचा उंबरठा ओलांडण्याचा आहे, आणि तो उंबरठा "लोक काय म्हणतील" ह्या एका वाक्यामुळे उंच झाला आहे. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून तिचा आजार झाकणारे आईबाप मुलीलाच झाकून टाकतात.

जिल्हा रुग्णालयात चौकशी केल्यास मानसिक आजारावरील सरकारी उपचाराचा मार्ग कळतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. विद्यार्थ्यांनो, हा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर आताच लिहून घ्या. स्वतःला लागला नाही तर मित्राला लागेल.

आणि आपल्या ह्याच वर्गांतून उद्या कोणी डॉक्टर, कोणी अभियंता, कोणी गणिती होणार आहे. शंभरातल्या त्या तीस चुका पाचवर आणण्याचे काम अजून शिल्लक आहे. ते करणारा किंवा करणारी ह्या संस्थेच्या बाकावरून उठावी, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो.